बँकेच्या संगणक विभागातली नोकरी

अमरावती, बडनेरा, शेगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं पदवी हाती पडली की पुण्याची गाडी धरतात. गावाजवळच राहायचं असेल, तर अकोला-अमरावतीच्या जिल्हा मध्यवर्ती आणि नागरी सहकारी बँकांचा संगणक विभाग जरूर विचारात घ्यावा. पगार पुण्याच्या मानाने कमी. पण घरभाडं वाचतं आणि कामाचा उपयोग समोर दिसतो.

पीककर्जाचंच घ्या. ३ लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत फेडलं, तर शेतकऱ्याला व्याज पडत नाही. शेवटच्या दिवशी काउंटरवर भरलेली रक्कम संगणकात दुसऱ्या दिवशीची म्हणून चढली, की सवलत गेली आणि पासबुकात व्याज उमटलं. अशी चूक पकडणाऱ्याचं काम मला फार मोलाचं वाटतं.

त्रासही आहेच. रोजचा हिशेब बंद झाल्याशिवाय घरी जाता येत नाही, ३१ मार्चला तर रात्र तिथेच. साध्या बदलालाही मंजुऱ्या लागतात, जुन्या सॉफ्टवेअरवर हात बसतो आणि नवं शिकणं मागे पडतं. सगळ्यांत मोठं ओझं सुरक्षेचं. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून चोरांनी सुमारे ९४ कोटी पळवले. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या कंपनीवर सायबर हल्ला झाला आणि तिच्या यंत्रणेवर चालणाऱ्या देशभरातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे यूपीआय, एटीएम व्यवहार अडले.

म्हणून मुलाखतीत एक प्रश्न अवश्य विचारावा: यंत्रणा बँक स्वतः सांभाळते, की बाहेरची कंपनी? कंपनी असेल, तर आपल्या वाट्याला बहुतेक तक्रारी नोंदवणंच येतं.