रेस घेतं, पण पातं फिरत नाही

जुलै 2024 मध्ये ताम्हिणी घाटात एका दिवसात 556 मिलिमीटर पाऊस झाला. अशा पावसावर माजलेलं गवत भादव्यात कमरेला लागतं. मग पौडपासून वर घाटापर्यंत भाताच्या बांधांवर आणि फार्महाऊसच्या आवारांत ग्रास कटर सुरू होतात. दुरुस्तीवाल्याकडे येणारी तक्रारही ठरलेली: 'इंजिन रेस घेतं, पण पातं फिरत नाही.' म्हणजे क्लच घसरतोय.

या क्लचला ना दांडी, ना केबल. इंजिनाच्या फ्लायव्हीलवर दोन शू असतात आणि एक स्प्रिंग त्यांना आत ओढून धरते. गोफण गरगर फिरवली की दगड जसा बाहेर ओढ घेतो, तसे वेग वाढला की शू बाहेर फाकतात, भोवतीच्या ड्रमला घट्ट धरतात आणि ड्रम दांड्यातल्या शाफ्टला फिरवतो. मिनिटाला 3,000 फेऱ्यांच्या आसपास इंजिन स्लो चालतं, तेव्हा पातं थांबलेलं असतं. साधारण 4,000 च्या पुढे ते फिरू लागतं. 1972 साली आलेल्या कायनेटिकच्या लूनात गिअरची कटकट नव्हती, तीही याच तत्त्वामुळे.

खरी मेख पुढे आहे. वेग दुप्पट झाला की शूचा रेटा चौपट होतो. वेग निम्मा झाला तर पावच उरतो, आणि त्यातूनही स्प्रिंगची ओढ वजा होते. पेट्रोल वाचावं म्हणून ओल्या गवतात अर्ध्या रेसवर मशीन रेटणारा माणूस क्लच जाळत असतो. शू अर्धवट धरतात, घासतात, तापतात. माझं स्पष्ट मत आहे, नवा क्लच घ्यायच्या आधी एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटर साफ करा, पात्याच्या मुळाशी गुंडाळलेलं गवत काढा. इंजिन पूर्ण रेस घेत नसेल तर नवा क्लचही घसरणारच.

तरीही घसरला, तर उघडावा. इंजिन गार झाल्यावर प्लगची टोपी काढायची, दांडा सोडवायचा, क्लचचं घर खोलायचं. ड्रम आतून निळा पडला असेल तर तो चांगलाच तापला होता. आरशासारखी चकाकी आली असेल तर पॉलिश पेपरने ती मोडायची आणि पेट्रोलने पुसून पूर्ण वाळू द्यायचं. शूंवर तेल दिसलं तर नुसतं पुसून भागत नाही. बहुधा फ्लायव्हीलमागचं क्रँकचं ऑइल सील गेलेलं असतं, ते बदलल्याशिवाय तेल पुन्हा येतं. झिजलेले शू जोडीनेच बदलावेत. बोल्ट सुटताना इंजिन फिरू नये म्हणून जुने मिस्त्री प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडून पिस्टन अडवतात. नव्या शूंवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेलाच हवा.

स्प्रिंगबद्दल मात्र गैरसमज फार आहे. ढिल्या स्प्रिंगने क्लच घसरत नाही, उलट लवकर धरतो आणि स्लोवरही पातं फिरत राहतं. हे घसरण्यापेक्षा कितीतरी धोक्याचं. जोडणी झाल्यावर पातं जमिनीपासून उचलून, माणसं दूर ठेवून इंजिन स्लोवर चालवून बघा. पातं हललं, तर ते मशीन त्या दिवशी बांधावर नेऊ नका.