पुराचे गणित : कोणता अंदाज किती महाग?

मुरुड परिसराला पाण्याची दोन्ही रूपे ठाऊक आहेत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच मराठवाड्यात नद्या पात्राबाहेर आल्या.

आपल्या राज्यात २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी व १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखतात. अशा रेषेसाठी नदीचा प्रवाह संगणकावर मांडता येतो. नदीकाठी बहुधा गरिबांचीच घरे असतात. म्हणून हे गणित आपणही समजून घेतले पाहिजे.

या गणितात काही आकडे मोजलेले, तर काही अंदाजाने धरलेले असतात. पात्राचा खडबडीतपणा हा त्यांपैकी एक. स्वच्छ पात्राला तो ०.०३ च्या आसपास धरतात. झाडेझुडपे माजली की वाढतो. मॅनिंगच्या सूत्राप्रमाणे, रुंद पात्रात तेवढेच पाणी वाहत असता खडबडीतपणा १० टक्के वाढला तर खोली सुमारे ६ टक्के वाढते. उतार १० टक्के कमी झाला तर खोली ३ टक्केच वाढते. पाच मीटर पाण्यात ६ टक्के म्हणजे ३० सेंटिमीटर, जवळजवळ एक फूट. पाणी उंबऱ्याबाहेर की घरात, हे त्या एका फुटावर ठरते!

एका सूत्रात हे हाताने काढता येते. पण खऱ्या नदीच्या गणितात असे शेकडो आकडे असतात. प्रत्येक आकडा थोडा बदलून पाहायचा तर १०० आकड्यांसाठी १०१ वेळा गणित करावे लागते. शिवाय बदल मोठा घेतला तर उत्तर ढोबळ येते, फारच लहान घेतला तर ते दशांशांच्या काटछाटीत हरवते.

यावर उपाय म्हणजे स्वयंचलित विकलन. कितीही मोठा प्रोग्रॅम शेवटी बेरीज, गुणाकार, वर्गमूळ अशा लहान पायऱ्यांचाच असतो. प्रत्येक पायरीचा विकलनाचा नियम ठाऊक असल्याने संगणक ते नियम साखळीने जोडत जातो. वेंगर्ट यांनी १९६४ मध्ये सुरुवातीकडून पुढे जाणारी रीत मांडली. लिनाइनमा यांनी १९७० मध्ये उत्तराकडून मागे येणारी. मागे येताना एकाच फेरीत सर्व आकड्यांचा परिणाम कळतो. वेळ मूळ गणिताच्या काही पटच लागतो. मात्र मधल्या पायऱ्या साठवण्यास स्मृती जास्त लागते.

अंदाज खरा की खोटा, हे ही पद्धत सांगत नाही. कोणता आकडा आधी नीट मोजावा, हे ती सांगते. म्हणून आपल्या वस्तीजवळून रेषा आखली जाईल तेव्हा अवश्य विचारा : खडबडीतपणा किती धरला, आणि तो चुकला तर रेषा किती सरकेल?