होळीच्या आत संपवा

‘वाइन जितकी जुनी तितकी भारी,’ हे वाक्य आमच्या बदलापूरच्या सोसायटीत कुणी ना कुणी ऐकवतंच. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करते. त्यामुळे मला पहिला प्रश्न सुचतो तो असा : ठेवली कुठे होती?

गोळ्या किती टिकतील हे पाहायला आमच्याकडे स्टॅबिलिटी चेंबर असतो. ४० अंश तापमान, ७५ टक्के आर्द्रता आणि सहा महिने मुक्काम. एरवी जे बिघडायला वर्षं लागतील, ते तिथे लवकर उघड होतं. मे महिन्यातलं बदलापूरचं शेवटच्या मजल्यावरचं घर म्हणजे फुकटचा चेंबरच. खाडीवरचा वारा इथवर येईतो दमतो आणि पारा चाळिशी सहज ओलांडतो. तापमान १० अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. वाइन मुरवायला १२ ते १४ अंश लागतात. आता माळ्यावरच्या बाटलीचा हिशेब तुम्हीच करा.

त्यात हलकी रेड वाइन जात्याच कमी टिकाऊ. रेड वाइनला वय पेलतं ते मुख्यतः दोन गोष्टींमुळे : द्राक्षाच्या साली-बियांतून उतरणारा तुरटपणा, म्हणजे टॅनिन, आणि आंबटपणा. कॅबर्ने सोव्हिन्योंसारख्या जाड सालीच्या द्राक्षाची, ओकच्या पिंपात राहिलेली वाइन सुरुवातीला जीभ आखडून टाकते. चार-पाच वर्षांत ती मवाळ होते, म्हणून तिला थांबवण्यात अर्थ आहे. हलक्या वाइनमध्ये मवाळ व्हायला फारसं काही नसतंच. तिची मजा ताज्या फळाच्या वासात, आणि तो वासच आधी उडतो.

फ्रान्समधली ब्योजोले नुव्हो याचं टोकाचं उदाहरण. गामे द्राक्षाचे अख्खे घड टाकीत घालून आंबवतात, त्यामुळे तुरटपणा कमी उतरतो. त्या हंगामाची वाइन नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते आणि काही महिन्यांत संपवायची असते. त्याच भागातली मॉर्गों किंवा मुलँ-आ-व्हाँची गामे मात्र चांगल्या तळघरात पाच-दहा वर्षं काढते. बर्गंडीची उत्तम पिनो न्वारही आंबटपणाच्या जोरावर टिकते. पण ते तिथल्या गार तळघरात.

आपल्याकडे नाशिकची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात. अकलूजच्या फ्रातेल्ली वाइनरीने सोलापूर जिल्ह्यात सांजोव्हेसे हे इटालियन द्राक्षही रुजवलंय. अशा, ओक न लावलेल्या किंवा जेमतेम लावलेल्या रेड वाइनसाठी माझा नियम सोपा आहे : दिवाळीच्या सुमारास घ्या, होळीच्या आत संपवा. म्हणजे बाटलीच्या वाट्याला आपला उन्हाळा येतच नाही.

दुकानातला उन्हाळा मात्र तपासावा लागतो. उल्हासनगरला नणंदेकडे जाताना मी वाइन शॉपमध्ये डोकावते, तेव्हा काचेच्या कपाटात उन्हाकडे तोंड करून उभी असलेली बाटली घेत नाही. लेबलवर द्राक्षं तोडल्याचं वर्ष आणि बाटली भरल्याचा महिना बघते. बूच वर सरकलंय का, आवरणाखाली चिकट ओघळ आहे का, मानेतली पातळी उतरली आहे का, हेही बघते. उष्णतेने वाइन फुगली की बुचाला रेटते, त्याच्या या खुणा.

घरी ग्लास तिरका करून पांढऱ्या कागदावर धरा. हलक्या, तरुण वाइनची कड जांभळट किंवा लालबुंद हवी. ती विटकरी झाली असेल आणि वास शिजवलेल्या मनुकांचा येत असेल, तर वेळ टळली. चांगली निघाली तर पिण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. आपल्या खोलीच्या तापमानाला हलकी रेड नुसती दारूसारखी झोंबते. उरलेली बूच लावून फ्रिजमध्येच ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

लेकीच्या लग्नासाठी बाटली जपायचीच असेल, तर तुरट, दमदार रेड घ्या आणि वाइनची थंड पेटीही घ्या. पेटी परवडत नसेल, तर बाटली लग्नाच्या आठवड्यात घेतलेली बरी.