हाडातल्या रॉडची पावती जपून ठेवा

आपल्या मंडळात आता असे घर क्वचितच असेल, जिथे कुणाच्या मांडीत रॉड, मनगटात प्लेट किंवा खुब्यात कृत्रिम सांधा नाही. कुणी ऑपरेशन बुऱ्हाणपुरातच करून घेतले, कुणी जळगावला, कुणी इंदूरला. डॉक्टरांचे नाव सर्वांना पाठ असते, खर्च किती आला तोही. पण आत बसवलेली वस्तू कोणत्या कंपनीची, असे विचारले की घरातले एकमेकांकडे पाहू लागतात. कंपनीने सदोष माल परत मागवला, म्हणजे रिकॉल केला, की नेमकी हीच माहिती लागते.

मोटारगाडीत दोष निघाला तर मालक सापडतो, कारण नोंदणी त्याच्या नावावर असते. रॉडचे तसे नाही. कंपनी वितरकाला कळवते, वितरक रुग्णालयाला. पुढे रुग्णालयाने जुनी फाइल काढून तुमचा पत्ता शोधला, तरच निरोप तुमच्यापर्यंत येणार.

तो न आल्यास काय होते, हे डेप्यू कंपनीच्या एएसआर या खुब्याच्या सांध्याने दाखवून दिले. डेप्यू ही जॉन्सन अँड जॉन्सनची उपकंपनी. या सांध्याचा गोळा आणि वाटी, दोन्ही कोबाल्ट-क्रोमियम धातूची होती. घर्षणाने धातूचे कण सुटून आसपासच्या मांसात आणि रक्तात उतरत. इंग्लंड-वेल्समध्ये प्रत्येक बसवलेल्या सांध्याची राष्ट्रीय नोंदवही ठेवतात. तिच्यावरून दिसले की पाच वर्षांत शंभरातल्या बारा-तेरा रुग्णांना पुन्हा ऑपरेशन करावे लागत होते. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने जगभरातून माल परत मागवला. आपल्याकडे आयात परवाना रद्द झाला २०१२ मध्ये. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने पोलिसांत तक्रारही नोंदवली. केंद्र सरकारच्या तज्ज्ञ समितीचा अहवाल २०१८ मध्ये आला. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या, आणि त्यातल्या साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांचा पत्ताच लागला नाही. सरकारने भरपाईचे सूत्र ठरवले ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत, पण ज्याच्याकडे कागद नाही त्याने दावा कशाच्या आधारे करायचा? बँकेत आम्ही ठेवीची पावती हरवलेल्यालाही पैसे देत असू, कारण खातेवहीत नोंद असे. इथे खातेवहीच नव्हती.

हे प्रकरण सांध्याचे, फ्रॅक्चरच्या प्लेट-रॉडचे नव्हे. नोंदीचा प्रश्न मात्र दोन्हीकडे एकच.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाचे कागद डॉक्टरांनी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवायचे असतात. रॉड त्याहून कितीतरी जास्त काळ अंगात राहतो. त्याच नियमांत असेही आहे की रुग्णाने मागितल्यास कागद ७२ तासांत द्यावे लागतात. तेव्हा मागायचे ते या तीन वर्षांतच, आणि खरे तर डिस्चार्जच्या दिवशीच.

मुख्य कागद म्हणजे इम्प्लांटचे स्टिकर. बंद खोक्यातून येणाऱ्या सांध्यासोबत असे तीन-चार स्टिकर असतात. त्यावर कंपनीचे नाव, आकार, मॉडेलचा क्रमांक आणि लॉट नंबर असतो. त्यातले एक रुग्णालयाच्या फाइलमध्ये लागते, विमा असेल तर दाव्यासोबतही बहुधा मागतात. एक आपल्या डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्यावे, आणि घरी आल्यावर त्याचा फोटो मुलासुनेच्या मोबाइलमध्येही असू द्यावा. फ्रॅक्चरच्या प्लेट आणि स्क्रूंची गोष्ट थोडी वेगळी. ते बरेचदा सुट्या संचातून निवडून, रुग्णालयातच निर्जंतुक करून बसवतात, त्यामुळे स्टिकर मिळेलच असे नाही. अशा वेळी बिलावर कंपनी आणि बॅच नंबर लिहून मागावा. ‘इम्प्लांट चार्जेस’ एवढीच ओळ आणि पुढे रक्कम, असे बिल आम्ही तरी स्वीकारणार नाही.

रिकॉलची बातमी वाचून कुणी घाबरून रॉड काढायला धावू नये. परत मागवणे म्हणजे आधी न वापरलेला माल बाजारातून उचलणे. ज्यांच्या अंगात तो आहे, त्यांना बहुतेक वेळा तपासणी आणि एक्स-रे, एएसआरसारख्या प्रकरणात रक्तातल्या धातूची चाचणीही सांगतात. पुन्हा ऑपरेशन करायचे की नाही हे हाडांचे डॉक्टर ठरवतील. मात्र हाड जुळल्यानंतरही दुखणे वाढत असेल, सूज असेल, स्क्रू त्वचेखाली टोचत असेल, तर ‘वयाचे आहे’ म्हणून आईवडिलांना गप्प बसवू नये.

वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारींसाठी सरकारने २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स नावाचा कार्यक्रम सुरू केला आहे. तो गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालतो. तक्रार रुग्ण स्वतःही करू शकतो, फोन १८००-१८०-३०२४, शुल्क नाही. त्यांच्या फॉर्ममध्ये लॉट नंबरचा रकाना आहे, म्हणून फोन करताना डिस्चार्ज कार्ड समोर घेऊन बसावे.