बासष्टाव्या वर्षी पहिला अल्बम : चार्ल्स ब्रॅडली, 'नक्कल'चा आरोप आणि आपली भीमगीतं

चार्ल्स ब्रॅडली या कृष्णवर्णीय अमेरिकन गायकाचा पहिला अल्बम जानेवारी २०११ मध्ये आला, तेव्हा त्यांचं वय ६२ वर्षांचं होतं. अल्बमचं नाव 'नो टाईम फॉर ड्रीमिंग', म्हणजे स्वप्नं पाहायला वेळ नाही. यात १२ गाणी आहेत. ऐकणाऱ्याला तारीख सांगितली नाही, तर तो ही रेकॉर्ड १९६७-६८ ची समजेल. मागे ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन, ढोलावर मोजका ठेका आणि मधेच फाटणारा, ओरडणारा, पुन्हा सावरणारा आवाज. जुन्या धाटणीच्या या नव्या संगीताला 'रेट्रो सोल' म्हणतात.

पोफळी, शिरगाव, अलोरे या भागातले आम्ही काही तरुण-तरुणी गेले काही आठवडे हा अल्बम ऐकत आहोत. पोफळी म्हटलं की बाहेरच्यांना कोयनेचं वीजघर आठवतं. अमेरिकन सोल संगीताचा आणि या डोंगराचा काय संबंध, असं आम्हालाही सुरुवातीला वाटलं. पण ऐकणाऱ्यांची मतं इतकी टोकाची निघाली, आणि वाद ब्रॅडलींवरून इतक्या लवकर आपल्या भीमगीतांवर आला, की तो इथे मांडायचं ठरवलं.

आधी थोडी पार्श्वभूमी. सोल संगीताचं मूळ कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गॉस्पेल गायनात आहे. एकाने ओळ टाकायची आणि मंडळींनी ती उचलायची, ही तिथली रीत. आपल्या गायनपार्टीत मुख्य गायक आणि मागे कोरस धरणारे असतात, तसंच ते आहे. १९५० च्या दशकात रे चार्ल्स, सॅम कुक अशा गायकांनी चर्चमधला तो जोर घेतला आणि प्रेमाच्या, रोजच्या जगण्याच्या गाण्यात आणला. जुन्या धार्मिक मंडळींनी त्यांना नावं ठेवली. पुढे नागरी हक्कांचा लढा पेटला आणि हेच संगीत त्या लढ्याचा आवाज झालं.

हे संगीत शहरात वाढलं, कारण माणसं शहरात आली होती. दक्षिणेतल्या राज्यांतला वंशद्वेष आणि शेतमजुरी मागे टाकून लाखो कृष्णवर्णीय शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्ककडे गेले. कोकणातल्या आपल्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही. खोतीखालची जमीन सोडून मुंबईच्या गिरणीत, गोदीत गेलेले आजोबा आपल्या प्रत्येक घरात आहेत. त्याच खोतीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२९ च्या एप्रिलमध्ये इथल्याच चिपळूणला परिषद घेतली आणि १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं. भीमगीतंही आपल्या गावात आली ती याच चाकरमान्यांच्या पिशवीतून, आधी पाठांतराने आणि मग कॅसेटवर.

ब्रॅडलींचा जन्म १९४८ चा, फ्लोरिडातल्या गेन्सविलचा. लहानपणीच ते न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात आले. १९६२ साली बहिणीने त्यांना हार्लेममधल्या अपोलो थिएटरमध्ये जेम्स ब्राऊनचा कार्यक्रम दाखवायला नेलं. तो दिवस ते आयुष्यभर विसरले नाहीत. (हे अपोलो थिएटर कोलंबिया विद्यापीठापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात तिथे शिकत होते, तेव्हा ही इमारत नवीकोरी होती, आणि तिच्यात कृष्णवर्णीय प्रेक्षकांना प्रवेश नव्हता.)

त्यानंतरची ब्रॅडलींची पन्नास वर्षं कष्टाची आहेत. घरातून पळून जाणं, रस्त्यावर राहणं, मग सरकारी प्रशिक्षण योजनेतून स्वयंपाक शिकणं आणि वर्षानुवर्षं आचारी म्हणून राबणं. नव्वदच्या दशकात ते ब्रुकलिनला आईजवळ परतले. तिथे भावाचा गोळी लागून मृत्यू झाला. या सगळ्यात गाणं सुटलं नव्हतं, पण ते गाणं त्यांचं नव्हतं. छोट्या क्लबांमध्ये 'ब्लॅक व्हेल्वेट' या नावाने, केसांचा टोप लावून, ते जेम्स ब्राऊनची हुबेहूब नक्कल करत. तिथेच डॅपटोन या ब्रुकलिनच्या छोट्या रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने त्यांना ऐकलं. पुढे थॉमस ब्रेनेक या तरुण गिटारवादकाने त्यांना सांगितलं की तुमच्या आयुष्यात जे घडलं ते गा. त्यातून हा अल्बम झाला. शेवटचं गाणं, 'हार्टेक्स अँड पेन', भावाच्या मृत्यूवर आहे.

आता मतं. आमच्यात सर्वांत आधी बोलला तो ढोलकी वाजवणारा मित्र. त्याचं म्हणणं स्पष्ट होतं, यात नवीन काय? जेम्स ब्राऊन होऊन गेला, ही त्याची सावली. एका मैत्रिणीला, ती नर्सिंग शिकते, हे अजिबात पटलं नाही. तिला इंग्रजी शब्द निम्मेच कळले, पण शेवटचं गाणं तिने तीनदा लावायला सांगितलं. वीजघरातून निवृत्त झालेल्या एका काकांनी वेगळाच मुद्दा काढला. ते म्हणाले, "माणूस चांगला आहे, पण बासष्ट वर्षं हे सगळे कुठे होते?" आम्हाला तिन्ही मतांपैकी हेच सर्वांत जड वाटलं.

जगभरातल्या श्रोत्यांचे तटही साधारण असेच आहेत. 'रोलिंग स्टोन' मासिकाने २०११ च्या उत्तम अल्बमांच्या यादीत याला जागा दिली. रेट्रो सोल आवडणाऱ्यांना असा खरा आवाज कित्येक वर्षांत ऐकला नाही असं वाटलं. दुसऱ्या बाजूच्यांचा आक्षेप असा की हा जुन्या काळाचा देखावा आहे. ज्या काळात कृष्णवर्णीयांना मतासाठी मार खावा लागला, त्या काळाचा फक्त गोड आवाज उचलायचा आणि ठणका मागे ठेवायचा. त्यात भर म्हणजे मागे वाजवणारे बरेचसे वादक आणि कंपनी चालवणारे गोरे तरुण आहेत.

हा आक्षेप हलका नाही. अनेक रेट्रो अल्बमांना तो तंतोतंत लागू पडतो. पण ब्रॅडलींच्या बाबतीत तो अर्धाच खरा आहे, असं आमचं मत झालं. वाद्यांचा बाज उसना आहे, ध्वनिमुद्रणही मुद्दाम जुन्या टेपवर केलं आहे. दु:ख मात्र उसनं नाही. 'व्हाय इज इट सो हार्ड' हे गाणं अमेरिकेत गरीब काळ्या माणसाला पाय रोवणं इतकं कठीण का, असं थेट विचारतं. आणि हा प्रश्न १९६८ चा म्हणून विचारलेला नाही, २०११ चा म्हणून विचारलेला आहे. नक्कल ही त्यांची शाळा होती. शाळा लांबली, कारण पुढच्या वर्गात बसवायला कोणी तयार नव्हतं.

आपल्याकडे पाहा. वामनदादा कर्डक यांनी १९४३ साली लिहिलेलं पहिलं गाणं हे एका हिंदी सिनेमाच्या गाण्याचं विडंबन होतं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस शाळेत गेला नव्हता, अक्षरओळख मोठेपणी मुंबईत झाली. उसन्या चालीपासून सुरुवात करून त्यांनी हजारो गाणी लिहिली. आपल्या कित्येक गाण्यांच्या चाली भजनाच्या, कव्वालीच्या, सिनेमाच्या आहेत, आणि त्याची कोणाला लाज वाटल्याचं आम्ही ऐकलेलं नाही. चाल ज्याची असेल त्याची असो, शब्द कोणाच्या जगण्याचे आहेत हे आपले लोक बघत आले. कडूबाई खरात एकतारीवर गातात, तीही किती जुनी रीत! मोबाईलवरच्या व्हिडिओतून त्या घराघरात गेल्या, आणि 'हे जुनं आहे' म्हणून कोणी तो व्हिडिओ बंद केला नाही.

तरीही जयंतीच्या बैठकीत आपण दोन टोकांना जातो. तरुणांना डीजे हवा असतो, ज्येष्ठांना फक्त वामनदादा, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप. या तिघांबद्दल आदर नसलेला माणूस आमच्यात नाही. पण त्यांचीच गाणी पुन:पुन्हा त्यांच्याच आवाजाची नक्कल करत गाणाऱ्यांना आपण स्टेज देतो, आणि त्याच बाजात स्वत:चं काही लिहिणाऱ्याला 'आधी नाव कमव' म्हणतो. म्हणजे आपणही आपले ब्रॅडली 'ब्लॅक व्हेल्वेट' करूनच ठेवतो.

हे हवेतलं बोलणं नाही. आमच्यातली एक मुलगी बारावीला आहे. तिने काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्या आपल्या आईवर गाणं लिहिलं आहे. काजूच्या टरफलाच्या तेलाने काळी पडलेली बोटं, त्याच बोटांनी मुलीच्या वहीला घातलेलं कव्हर, असं त्यात येतं. चाल जुन्या कव्वालीच्या सामन्याची. बाबासाहेबांचं नाव एकदाच येतं, शेवटच्या कडव्यात. एका मंडळाने ते परत पाठवलं, कारण हे भीमगीत वाटत नाही म्हणे. आमच्या मते ते भीमगीतच आहे. वही आणि कव्हर त्या घरात कुठून आलं, हे सांगायला नाव दहा वेळा घ्यावं लागत नाही.

काकांच्या प्रश्नाकडे पुन्हा येतो, कारण त्याचं उत्तर अल्बममध्ये नाही. ब्रॅडलींना पहिल्या अल्बमनंतर जेमतेम साडेसहा वर्षं मिळाली. आणखी दोन अल्बम झाले, देशोदेशी कार्यक्रम झाले, त्यांच्यावर माहितीपट निघाला, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये कर्करोगाने ते गेले. आवाज तर पंचविशीतही होता. ऐकून घेणारी कंपनी, वाजवणारे हात आणि 'तुझं गा' म्हणणारा माणूस एवढंच कमी होतं, आणि ते शेवटी गोऱ्या मुलांकडून आलं. यावर आमच्यात अजून एकमत नाही. ढोलकीवाला मित्र म्हणतो, कोणाकडून का येईना, आलं ना. नर्सिंगवाली मैत्रीण विचारते, आपल्या मुलीचं गाणं रेकॉर्ड करायला आपण कोणाची वाट पाहतोय?

तूर्त एवढं ठरलं आहे. ढोलकीची जबाबदारी त्या मित्रानेच घेतली आहे. विहारात रविवारी वंदनेनंतर तालीम होते आणि कोरसला चौघी जणी आहेत. येत्या जयंतीच्या कार्यक्रमपत्रिकेत त्या मुलीचं नाव गायिका म्हणून आणि कवयित्री म्हणूनही छापायचं, आणि इतर प्रत्येक गाण्यापुढेही लिहिणाऱ्याचं नाव द्यायचं, हे सगळ्यांनी मान्य केलं. तिचं गाणं वामनदादांच्या गाण्याच्या आधी ठेवायचं की नंतर, यावर अजून वाद चालू आहे.