व्रतस्थांचा उपवास आणि रक्तशर्करेचा आकडा

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घटस्थापना होते आणि घरोघरी नवरात्राचे उपवास सुरू होतात. घरात मधुमेही वडीलधारे माणूस असेल, तर अखंड नंदादीपाइतकेच लक्ष रक्तातील साखर मोजणाऱ्या छोट्या यंत्राकडेही ठेवावे लागते.

यंत्र आकडा दाखविते. परंतु त्यामागील एकक न वाचल्यास अनर्थ ओढवतो. आपल्याकडे एका डेसिलिटर, म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम शर्करा आहे, ते मोजतात. इंग्लंडात मात्र लिटरमागे किती मिलिमोल, अशी रीत आहे. तेथील मुलाने आईसाठी पाठविलेल्या यंत्रावर १५ हा आकडा उमटला, तर तो लहान समजून निश्चिंत राहू नये. आपल्या मापाने ते २७० मिलिग्रॅम होतात. ग्लुकोजचा रेणुभार सुमारे १८० आहे. म्हणून मिलिमोलला १८ ने गुणावे, उलट मिलिग्रॅमला १८ ने भागावे.

आता त्याचा अर्थ. निदान आठ तास काही न खाता प्रयोगशाळेत केलेल्या तपासणीत १०० च्या आतील आकडा निरोगीपणाचा, १०० ते १२५ सावधगिरीचा. १२६ वा अधिक, म्हणजे ७ मिलिमोलपासून पुढे, फेरतपासणीतही आल्यास मधुमेह ठरतो. साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेला उपवास म्हणजे वैद्यकातील ‘उपाशीपोटी’ नव्हे. साबुदाणा बहुतांशी पिष्टमय असून त्याने शर्करा झपाट्याने चढते.

याहून तातडीचा धोका शर्करा उतरण्याचा. इन्सुलिन वा काही गोळ्या घेऊन पोट रिते ठेवल्यास आकडा ७० च्या, म्हणजे ३.९ मिलिमोलच्या खाली जाऊ शकतो. हात कापतात, दरदरून घाम सुटतो, छाती धडधडते, बोलण्यात भ्रम येतो. अशा वेळी तिथी न पाहता तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालय गाठावे.

व्रत करण्यापूर्वी औषधांच्या मात्रेविषयी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. व्रतभंगाची भीती मात्र बाळगू नये. औषधाने व्रत भंगत नाही, असे आपल्या शास्त्रकारांनीच सांगून ठेविले आहे. आणि त्या क्षणी साखरपाणी हेच औषध होय.