फायटर भारी की विझार्ड? एकदाचा हिशेब करून टाकू!

रात्रीचे साडेबारा. मेस केव्हाच बंद झालेली, सबमिशन परवावर आलेलं, आणि आमच्या रूममध्ये पाच जण वीस बाजूंच्या एका फाशाकडे डोळे लावून बसलेले. रेक्टर सर डोकावले तर त्यांना जुगारच वाटेल. म्हणून आधी खुलासा करतो. सर, हा जुगार नाही, याला डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ साली हा खेळ आणला. एक जण डंजन मास्टर म्हणजे डीएम होतो. तो गोष्ट सांगतो आणि राक्षसांच्या चाली खेळतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. पात्राचा पेशा म्हणजे त्याचा 'क्लास'. फायटर तलवार चालवतो, विझार्ड मंत्र टाकतो.

आमच्यात डीएम मी. चौथ्या रात्रीनंतर आमचा फायटर यायचाच बंद झाला. विचारलं तर म्हणाला, "मी येऊन करू काय? विझार्ड एक फायरबॉल टाकतो, सगळे खलास. मी आपला उरलेल्याला टपली मारतो." विझार्डवाला म्हणे, "त्यात माझी काय चूक? क्लासच भारी आहे." ग्रुप तुटायची वेळ आली, तेव्हा मी कॅल्क्युलेटर काढला.

आता गृहीतकं, कारण ती न सांगता केलेली तुलना म्हणजे युनिट न लिहिलेलं उत्तर. नियम २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे. दोघंही पाचव्या लेव्हलचे, दोघांचाही मुख्य गुण अधिक ४, प्रावीण्य अधिक ३. समोरच्याचा आर्मर क्लास १५. जास्तीची कसबं कुणालाच नाहीत.

फायटरने फासा टाकून त्यात ७ मिळवायचे. म्हणजे ८ किंवा वर पडलं की वार लागला, शक्यता २० पैकी १३, अर्थात ६५ टक्के. मोठ्या तलवारीचे दोन सहाबाजू फासे, अधिक ४, सरासरी ११. विसाचा आकडा पडला की डॅमेजचे फासे दुप्पट, तेही धरलं तर एका वाराला सरासरी ७.५. पाचव्या लेव्हलला एका खेपेत दोन वार मिळतात, म्हणजे खेपेला १५.

विझार्डचा फायरबॉल म्हणजे आठ सहाबाजू फासे, सरासरी २८. समोरचा चुकवू शकला तर निम्मं. राक्षस जेमतेम चपळ, म्हणजे अधिक २ धरला, तर तो ४० टक्के वेळा वाचतो. सरासरी आली २२.४, आणि तीही प्रत्येक राक्षसामागे! तीन राक्षस घोळक्यात सापडले तर ६७.२. कुठे १५ नि कुठे ६७! इथवर फायटरवाल्याचं रडणं अगदी खरं.

पण मंडळी, फंडा पुढे आहे. विझार्डला असे फायरबॉल दिवसाला फक्त दोन, आणि मधे तासभर विश्रांती घेतली तर आणखी एक. ते संपले की 'फायर बोल्ट' नावाचा फुकटचा मंत्र, त्याची सरासरी ७.७. खालच्या लेव्हलचे मंत्र त्याने स्वतःच्या बचावासाठी राखले असं धरू. फायटरची तलवार मात्र संपत नाही. शिवाय त्याला 'अ‍ॅक्शन सर्ज' आहे, म्हणजे एक जादा खेप. ती एकदा वापरली की विश्रांतीनंतर परत मिळते.

आता दोन दिवस मांडून बघू. प्रत्येक लढाई तीन खेपांची.

दिवस पहिला : एकच लढाई, तीन राक्षस. फायटर चार खेपा, ६०. विझार्ड दोन फायरबॉल आणि एक बोल्ट, १४२. विझार्ड दुपटीहून पुढे.

दिवस दुसरा : सहा लढाया, मधे दोनदा विश्रांती. फायटर २१ खेपा, ३१५. विझार्ड तीन फायरबॉल आणि १५ बोल्ट, ३१७. बरोबरी! आणि तिन्ही फायरबॉल एकेकट्या राक्षसावर टाकावे लागले तर विझार्ड १८३ वरच अडकतो.

इलेक्ट्रिकलवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर विझार्डची पीक पॉवर बघून आपण फायटरच्या अ‍ॅव्हरेजशी भांडत होतो. २०१४ च्या डीएमच्या पुस्तकात तर साफ लिहिलंय की दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण लढाया पेलतात. आम्ही किती खेळत होतो? एक! लढाई झाली की मंडळी झोपायला मोकळी, सकाळी सगळे मंत्र भरलेले. त्यांना झोपू कोण देत होतं? अस्मादिक.

शिवाय डॅमेज म्हणजे सगळं नव्हे. दोघांची प्रकृती अधिक २ धरली तर फायटरचे हिट पॉइंट ४४, विझार्डचे ३२. फायरबॉलचा घेर २० फूट त्रिज्येचा, त्यात आपलाच मित्र उभा असला तर तोही भाजतो. उलट विझार्ड उडू शकतो, गायब होऊ शकतो. सतराव्या लेव्हलला 'विश' मंत्राने जवळपास काहीही मागू शकतो. फायटरला विसाव्या लेव्हलला मिळतात चार वार. तेव्हा वरच्या लेव्हलला माझा हा हिशेब पुरत नाही, हे कबूल. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत यावर उपाय म्हणून सगळ्याच क्लासना सारख्या साच्यात बसवलं होतं. पण मग सगळे सारखेच वाटतात अशी ओरड झाली, आणि २०१४ मध्ये तो साचा सोडून दिला.

आम्ही नियम बदलले नाहीत. फक्त गोष्टीत एक ओलीस ठेवलेलं गाव आणलं, सूर्यास्तापर्यंतची मुदत घातली. पाच लढाया, झोप नाही. चौथ्या लढाईत विझार्डचे मंत्र संपले आणि तो फायटरच्या पाठीमागे लपला. फायटर परत आलाय, आणि आता दर गुरुवारी सर्वांत आधी तोच हजर असतो. विझार्डवाला सध्या कुरकुरतोय की डीएम झोपूच देत नाही. त्याला म्हटलं, बाबा रे, परवा सबमिशन आहे, इथे झोपतंय कोण?